खालचे न्यायालय, वरचे न्यायालय : अमेरिकेतील अपिलाची रीत

व्यापारी घरातील कोणी पुतण्या, भाचा किंवा जावई अमेरिकेत धंद्यानिमित्त स्थायिक झालेला असतो. तिकडे त्याच्या पेढीवर एखादा दावा होतो, निकाल विरुद्ध जातो, आणि इकडे घरातील वडीलधारी मंडळी त्याला फोनवर धीर देतात, "घाबरू नकोस, वरच्या कोर्टात बघून घेऊ." सोलापूर, सांगली, लातूर अशा ठिकाणच्या न्यायालयांच्या पायऱ्या ज्यांनी आयुष्यभर चढल्या-उतरल्या आहेत, त्यांच्या तोंडी हे वाक्य स्वाभाविकच म्हणावे लागेल. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली जे पहिले अपील होते, त्यात कायद्याप्रमाणेच घटनाही नव्याने तपासता येतात. खालच्या न्यायाधीशाने ज्या साक्षीदारावर विश्वास ठेवला त्याच्यावर वरच्या न्यायाधीशाने तो ठेवलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे पहिले अपील म्हणजे त्याच दाव्याचा दुसरा डाव, अशी आपली समजूत झालेली आहे, आणि आपल्यापुरती ती फारशी चुकीचीही नाही.

अमेरिकेत मात्र हे वाक्य धोक्याचे आहे. तेथे दावा एकदाच चालतो. वरचे न्यायालय तो पुन्हा चालवीत नाही. खाली तो नियमाप्रमाणे चालला की नाही, एवढेच पाहते. तेथे ना साक्षीदार येतो, ना नवा कागद दाखल होतो, ना ज्यूरी बसते. हा फरक ऐकताना बारीक वाटतो. पण याच फरकापायी अमेरिकेतील एका बलाढ्य तेल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला होता. तो दावा एका तोंडी ठरलेल्या सौद्याचा असल्याने आपल्या वाचकांना तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

तत्पूर्वी तेथील न्यायालयांची रचना थोडक्यात पाहू. अमेरिकेत न्यायव्यवस्था दुहेरी आहे. पन्नास राज्यांची आपापली न्यायालये आहेत आणि त्यांच्या जोडीला संघराज्याची स्वतंत्र न्यायालये आहेत. संघराज्याची ९४ जिल्हा न्यायालये म्हणजे दावे प्रत्यक्ष चालविणारी, अर्थात ट्रायल कोर्टे. त्यांच्यावर १३ अपील कोर्टे. आणि सर्वांवर नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. बहुतेक राज्यांतही अशाच तीन पायऱ्या आहेत, फक्त नावांचा घोळ मोठा आहे. न्यूयॉर्क राज्यात ज्याला 'सुप्रीम कोर्ट' म्हणतात ते चक्क ट्रायल कोर्ट आहे. राज्यातील सर्वांत वरच्या न्यायालयाचे नाव 'कोर्ट ऑफ अपील्स'. न्यूयॉर्कच्या हिरेबाजारातील नातलगाचा दावा सुप्रीम कोर्टात लागला असे कोणी सांगितले, तर प्रकरण शेवटच्या पायरीवर पोचले असे समजू नये. ते नुकतेच सुरू झाले आहे! टेक्सास राज्यात तर सर्वोच्च न्यायालये दोन आहेत, एक दिवाणी कामासाठी आणि दुसरे फौजदारी.

आता त्या दाव्याकडे वळू.

१९८३ च्या अखेरीस 'गेटी ऑइल' या तेल कंपनीत मालकी आणि व्यवस्थापन यांच्यात कलह माजला होता. कंपनीचे सुमारे ४० टक्के शेअर गेटी कुटुंबाच्या न्यासाकडे होते, तर जवळपास १२ टक्के संस्थापक जे. पॉल गेटी यांच्या नावाच्या कलासंग्रहालयाकडे. ह्यूस्टनच्या 'पेनझॉइल' कंपनीने ही संधी हेरली. नववर्षाच्या सुट्टीत न्यूयॉर्कमध्ये वाटाघाटी झाल्या. दर शेअरमागे रोख ११० डॉलर आणि पुढे किमान ५ डॉलर अशा भावाला गेटीच्या संचालक मंडळाने ३ जानेवारी १९८४ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी मान्यता दिली. पेनझॉइलने ती स्वीकारली, एकमेकांचे हात हाती घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी तत्त्वतः सहमती झाल्याचे पत्रक निघाले. पक्का करारनामा मात्र अजून वकिलांच्या टेबलावर होता. तेवढ्यात 'टेक्साको' पुढे आली आणि तिने १२५ डॉलर देऊ केले. नंतर तो भाव १२८ वर गेला. ६ जानेवारीला गेटी टेक्साकोची झाल्याचे जाहीर झाले.

रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्या, इसार घेतला की माल दुसऱ्याला न दाखविणाऱ्या आपल्या बाजारातल्या माणसाला यात कोण चुकले ते सांगावे लागणार नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न सोपा नव्हता. करारनाम्यावर सही नसताना सौदा झाला असे म्हणता येईल काय? आणि झाला असल्यास, तो झाल्याचे टेक्साकोला ठाऊक होते काय? दुसऱ्याचा ठरलेला सौदा जाणूनबुजून मोडायला लावणे हा तेथे भरपाईस पात्र असा स्वतंत्र अपकृत्याचा प्रकार आहे.

पेनझॉइलने प्रथम डेलावेअर राज्यात दावा लावला. तेथील चान्सरी न्यायालयात ज्यूरी नसते. न्यायाधीश एकटाच निर्णय देतो. त्या न्यायाधीशाने गेटीची विक्री थांबविण्यास नकार दिला. मात्र टेक्साकोने त्या दाव्यात आपली कैफियत अद्याप दाखल केली नव्हती. प्रतिवादीची कैफियत दाखल होण्यापूर्वी वादीला आपला दावा आपण होऊन मागे घेता येतो, या नियमाचा फायदा घेऊन पेनझॉइलने तो तेथून उचलला आणि ह्यूस्टनला, म्हणजे स्वतःच्या घरच्या गावी, ज्यूरीसमोर लावला. टेक्साकोच्या वकिलांची ही चूक पुढे किती महाग पडली ते लवकरच दिसेल.

१९८५ च्या उन्हाळ्यात दावा सुरू झाला आणि चार महिन्यांहून अधिक चालला. मध्यंतरी न्यायाधीश आजारी पडले आणि सॅन अँटोनियोहून एका निवृत्त न्यायाधीशांना आणून उरलेले काम पुरे करण्यात आले. न्यायाधीश बदलले, पण ज्यूरी तीच राहिली. आणि अमेरिकन पद्धतीत तेच महत्त्वाचे मानले जाते. न्यायाधीशाकडे कायदा, तर घटनांचा निवाडा ज्यूरीकडे, अशी तेथे कामाची वाटणी आहे. कोण खरे बोलतो, कोण सारवासारव करतो, कोणाच्या सांगण्यात आणि कागदात मेळ नाही, हे सामान्य नागरिकांतून निवडलेली माणसे ठरवितात. पेनझॉइलचे वकील जो जमाइल यांनी सगळा दावा दिलेल्या शब्दाभोवती उभा केला. त्यांच्या हाती एक ठोस पुरावाही होता. गेटीचे शेअर विकताना न्यासाने आणि संग्रहालयाने टेक्साकोकडून इंडेम्निटी, म्हणजे पेनझॉइलने दावा केल्यास त्याची झळ आपल्याला लागू नये अशी हमी, लिहून घेतली होती. सौदा झालाच नव्हता, तर ही हमी कशासाठी?

१९ नोव्हेंबर १९८५ रोजी ज्यूरीने निकाल दिला : ७५३ कोटी डॉलर नुकसानभरपाई आणि वर ३०० कोटी डॉलर दंडात्मक भरपाई, एकूण १०५३ कोटी डॉलर. त्या काळापर्यंत एवढी रक्कम कोणत्याही दिवाणी दाव्यात कोणाला मिळाली नव्हती.

भरपाईचा आकडा कसा आला ते पाहण्यासारखे आहे. मोडलेल्या सौद्यामुळे पेनझॉइलला गेटीच्या तेलसाठ्याच्या सात भागांपैकी तीन भागांना, म्हणजे सुमारे १०० कोटी पिंपांना मुकावे लागले. हे तेल सौद्याच्या भावाने पिंपामागे ३ डॉलर ४० सेंटला पडले असते. तेवढेच तेल स्वतः शोधून काढायचे तर पेनझॉइलला पिंपामागे १० डॉलर ८७ सेंट खर्च येत होता. या दोन भावांमधील फरकाला पिंपांच्या संख्येने गुणले, की ७५३ कोटी होतात. शेअरच्या बाजारभावाने हिशेब केला असता तर आकडा पुष्कळच लहान निघाला असता. पण तसा हिशेब ज्यूरीसमोर मांडलाच गेला नाही! टेक्साकोच्या वकिलांनी नुकसानीच्या रकमेबाबत एकही तज्ज्ञ साक्षीदार उभा केला नाही. रकमेवर वाद घातला तर आपण दोष मान्य केल्यासारखे दिसेल, असा त्यांचा होरा असावा. असा डावपेच आपल्याकडेही चालतो, पण येथे पहिल्या अपिलात सारवासारवीला थोडी जागा असते. तेथे ती नव्हती.

येथून अपिलाची खरी गोष्ट सुरू होते. टेक्साको टेक्सासच्या अपील कोर्टात गेली तेव्हा तीन न्यायाधीशांसमोर होते ते केवळ खालच्या दाव्याचे दप्तर, म्हणजे साक्षींचे शब्दशः टिपण, दाखल झालेले कागद आणि वेळोवेळी घेतलेल्या हरकती. अमेरिकन कायद्यात या दप्तराला फार मान आहे. त्यात जे नाही, ते अपील कोर्टाच्या दृष्टीने घडलेच नाही. खाली हरकत घेतली नसेल, तर वर सहसा तक्रार करता येत नाही. खाली पुरावा दिला नसेल, तर वर तो देता येत नाही. बाजारभावाचा हिशेब कितीही योग्य असो, तो दप्तरात नव्हता.

अपील कोर्ट तपासते तेही एकाच मापाने नव्हे, आणि हे समजून घेणे अगत्याचे आहे. प्रश्न कायद्याचा असेल, म्हणजे न्यायाधीशाने ज्यूरीला कायदा बरोबर सांगितला का, कराराच्या कलमाचा अर्थ बरोबर लावला का, असा असेल, तर वरचे न्यायाधीश खालच्याच्या मताला न बांधता स्वतः विचार करतात. न्यायाधीशाच्या तारतम्यावर सोपविलेली गोष्ट असेल, जसे एखादा साक्षीदार ऐकावा की नाही, तर तारतम्याचा उघड गैरवापर झाला असेल तरच ते हात घालतात. आणि ज्यूरीने ठरविलेली घटना असेल, तर कोणत्याही समजूतदार माणसाला तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा दप्तरात होता ना, इतकेच पाहतात. आपण ज्यूरीत असतो तर काय ठरविले असते, हा विचार त्यांनी करायचा नसतो. चूक सापडली तरी ती निकालावर परिणाम करणारी असावी लागते; निरुपद्रवी चुकीपायी निकाल उलटत नाही. संघराज्याच्या न्यायालयांना तर हे बंधन राज्यघटनेनेच घातले आहे. १७९१ च्या सातव्या दुरुस्तीप्रमाणे वीस डॉलरवरील दाव्यात ज्यूरीचा हक्क राखला असून ज्यूरीने निश्चित केलेली घटना पुन्हा उकरण्यास अन्य न्यायालयांना जवळपास मनाई आहे. वीस डॉलरचा तो आकडा आजही बदललेला नाही.

टेक्साकोने बरेच मुद्दे मांडले. ज्यूरीला विचारलेल्या प्रश्नात 'करार' असा शब्द न घालता 'सहमती'ने बांधून घेण्याचा उद्देश होता काय, असे विचारले, हा त्यांपैकी एक. फेब्रुवारी १९८७ मध्ये अपील कोर्टाने ते फेटाळले. सौदा बांधील होता असे मानण्यास पुरेसा पुरावा आहे, टेक्साकोला त्याची जाणीव होती असे मानण्यासही आहे. सबब ७५३ कोटींना धक्का लागला नाही. दंडात्मक भरपाई मात्र ३०० कोटींवरून १०० कोटींवर आणली गेली. तेवढीच अपिलाची कमाई. नोव्हेंबर १९८७ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. तेथे वरच्या पायरीला असा नकार देण्याची मोकळीक असते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडेही दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि अलीकडे त्यांतून साठ-सत्तरच प्रकरणांत तोंडी युक्तिवाद ऐकला जातो. "सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ" ही प्रतिज्ञा तेथे करणे सोपे आहे, पण दार उघडणे आपल्या हाती नसते.

या दाव्यात आणखी एक धडा तारणाचा आहे, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला तोच अधिक मोलाचा वाटतो. अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. ती थांबवायची तर निकालाच्या रकमेएवढे तारण किंवा हमीदाराचा रोखा द्यावा लागे, असा टेक्सासचा नियम होता. हजार कोटी डॉलरवरचा रोखा कोण देणार? जगात तेवढी हमी घेणारी विमा कंपनी नव्हती. रोखा नाही, तर पेनझॉइल अपिलाचा निकाल लागण्याआधीच टेक्साकोच्या मालमत्तेवर टाच आणू शकत होती. म्हणून टेक्साकोने न्यूयॉर्क राज्यातील संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाकडे धाव घेतली आणि तेथे वसुलीला मनाई मिळविली. तिथल्या अपील कोर्टानेही तिला दिलासा दिला. परंतु ६ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. राज्याच्या न्यायालयात चालू असलेल्या कामात संघराज्याच्या न्यायालयाने ढवळाढवळ करू नये; टेक्साकोने हे गाऱ्हाणे आधी टेक्सासच्याच न्यायालयांपुढे मांडायला हवे होते, असा त्याचा आशय होता. सौदा झाला होता की नाही या मूळ प्रश्नाला त्या न्यायालयाने स्पर्शही केला नाही. सहा दिवसांनी, १२ एप्रिलला, टेक्साकोने दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला. पैसे नव्हते म्हणून नव्हे. दिवाळखोरीचा अर्ज होताच सर्व वसुली आपोआप थांबते म्हणून. डिसेंबर १९८७ मध्ये दोन्ही बाजूंनी ३०० कोटी डॉलरवर तडजोड केली आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती रक्कम पोचती झाली. टेक्सासने पुढे, २००३ मध्ये, असे तारण कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या निम्मे किंवा अडीच कोटी डॉलर, यांत जे कमी असेल त्याहून जास्त मागता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

अपिलात काहीच हाती लागत नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कायद्याचा मुद्दा खरा असेल तर अपील कोर्ट निकालाचे रूप पालटून टाकते. अलाबामा राज्यातील एका डॉक्टरने १९९० मध्ये ४०,७५० डॉलरना नवी बीएमडब्ल्यू घेतली आणि ती विक्रीपूर्वी पुन्हा रंगविली असल्याचे न सांगितल्याबद्दल दावा लावला. ज्यूरीने नुकसान ४,००० डॉलर धरले आणि दंडात्मक भरपाई दिली ४० लाखांची! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २० लाखांवर आणली. १९९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले, की एवढी विसंगत रक्कम राज्यघटनेतील रीतसर प्रक्रियेच्या हमीशी जुळत नाही, आणि प्रकरण परत पाठविले. शेवटी ती रक्कम ५०,००० डॉलरवर आली. लक्षात घ्यावे, की गाडी पुन्हा रंगविली होती आणि ते लपविले गेले, हा निष्कर्ष वर कोणीही पुसला नाही. वाद राहिला तो दंडाला कायद्याने किती मर्यादा आहे याचा.

फौजदारी कामात ही भिंत आणखी उंच आहे. आपल्या मुंबईतच १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले होते. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, उच्च न्यायालयाने आरोपीला दोषी धरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. अमेरिकेत हे घडूच शकले नसते. तेथे ज्यूरीने एकदा निर्दोष म्हटले की सरकारला अपील नाही. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा संकटात टाकू नये, असे पाचवी दुरुस्ती सांगते. आरोपीला मात्र दोषी ठरविल्यावर अपील करता येते.

बारा अनोळखी माणसांच्या हाती एवढी सत्ता द्यावी का, याविषयी अमेरिकेतही वाद आहे. तेलाच्या दाव्यातला आकडा मला स्वतःला अवाजवीच वाटतो. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. तारीख पडली तर पडू दे, खाली हरलो तर वर आहेच, अशी जी ढिलाई आपल्या अंगवळणी पडली आहे, तिला त्या पद्धतीत वाव उरत नाही. दोन्ही पक्षांना सगळा दारूगोळा पहिल्याच दिवशी मैदानात आणावा लागतो.

अमेरिकेत धंदा करणाऱ्या आपल्या मंडळींनी व्यवहारात काय पाहावे? संघराज्याच्या न्यायालयात खासगी पक्षांमधील दिवाणी निकालाविरुद्ध अपिलाची सूचना साधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते, आणि ही मुदत हुकली तर सबब सहसा ऐकली जात नाही. ट्रायल चालविणारा वकील आणि अपील चालविणारा वकील यांचे कसब निरनिराळे असते. पहिल्याला माणसे वाचता आली पाहिजेत, दुसऱ्याला दप्तर. कारण अपिलात मुख्य भिस्त लेखी निवेदनावर असते आणि तोंडी युक्तिवादाला पुष्कळदा प्रत्येक बाजूस पंधरा मिनिटे मिळतात. रक्कम मोठी असेल तर अपिलाची जाण असलेला वकील दावा चालू असतानाच जोडीला घेणारे पुष्कळ आहेत. हरकती वेळेवर नोंदविल्या जाव्यात, हाच त्यात हेतू. जे नातलग तेथील नागरिक झाले आहेत त्यांना ज्यूरीचे बोलावणे कधी ना कधी येते. ते टाळण्याकडे अनेकांचा कल असतो, पण ही सारी यंत्रणा आतून पाहण्याची तशी दुसरी संधी नाही.

शिवाय करारनाम्यात लवादाचे कलम आहे काय, हे सहीपूर्वीच पाहून घ्यावे. ते असेल तर वाद लवादापुढे जातो, ज्यूरी मिळत नाही. न्यूयॉर्कच्या हिरेव्यापाऱ्यांच्या संघातही सभासदांचे आपसातील तंटे लवादानेच मिटविण्याची जुनी प्रथा आहे. निकाल लवकर लागतो, बभ्रा होत नाही. पण १९२५ च्या लवाद कायद्याप्रमाणे लाच, फसवणूक, उघड पक्षपात, अधिकाराचे उल्लंघन अशा मोजक्याच कारणांवरून तो रद्द करून मागता येतो, आणि त्यासाठी मुदत असते ती तीन महिन्यांची.